टेपसाहेबांचा पिवळा बांबू

टेपसाहेब मोजणी खात्यातून निवृत्त झाले त्या दिवशी तीन भाषणं झाली, आणि तिन्ही भाषणांत एकच वाक्य होतं: साहेबांचं माप कधी बोटभरही चुकलं नाही. चौथं भाषण शिपायाचं होणार होतं, पण त्याला कुणी उभं राहू दिलं नाही, कारण त्याला खरं बोलायची खोड होती. खरं एवढंच होतं की चौतीस वर्षं या माणसाने सगळ्या खात्याला वात आणला होता. दोन शेजारी हद्दीवरून भांडत आले की साहेब टेप काढायचे, माप घ्यायचे आणि निकाल द्यायचे. कुणी रडो, पाया पडो, चहा पाजो, निकाल तोच. चहा मात्र प्यायचे.

घरीही तोच खाक्या. शिंप्याने पडद्यांची मापं नेली की साहेब त्याच्या मागोमाग दुकानात जाऊन आपली मापं देऊन यायचे. भिंतीवर तसबीर लावायची तर बायकोने खिळा हातात धरून अर्धा तास उभं राहायचं. लोकांनी मागे ‘टेपसाहेब’ नाव पाडलं, ते त्यांच्या कानावर गेलं, आणि गंमत म्हणजे ते खूश झाले! आता अशा माणसाला काय बोलणार?

त्यांचा धाकटा भाऊ शेजारीच राहायचा. शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. वडिलांची जागा ऐंशी फूट रुंद. अठरा वर्षांपूर्वी दोघा भावांनी ती निम्मी निम्मी वाटून घेतली. मोजणी अर्थातच साहेबांनी केली. “आधी तुझे चाळीस मोजतो, उरलं ते माझं. उद्या कुणी म्हणायला नको की थोरल्याने हात मारला,” असं चारचौघांत म्हणाले आणि मास्तरच्या बाजूने टेप धरून मधे खुंटी ठोकली. खुंटीच्या रेषेवर भिंत उभी राहिली. मास्तरला दादाचा इतका अभिमान वाटला की त्याने भिंतीवर दोन्ही बाजूंनी चुना स्वतःच्या हाताने मारला.

पुढे मास्तरने घर बांधलं. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायची खोली आणि न्हाणीघर, मधे चौदा पायऱ्यांचा जिना. काही वर्षं बरी गेली, मग मास्तरच्या बायकोचे गुडघे गेले. तिला घरात सगळे धाकटी म्हणायचे. जिना चढताना ती एकेका पायरीवर बसू लागली. डॉक्टर म्हणाले, खालीच सोय करा. मास्तरने खाली एक खोली आणि न्हाणीघर काढायचा नकाशा केला. नियम असा की नवं बांधकाम आणि हद्दीची भिंत यांच्यामधे पाच फूट मोकळे हवेत. नगरपालिकेचा माणूस आला, त्याने मोजलं, तर चारच भरले. नकाशा परत!

मास्तर दादाकडे आला. “दादा, कागदावर तर पाच बसतात. जागेवर एक फूट कमी पडतोय.”

“घर सरकलंय,” साहेबांनी बसल्या जागी निकाल दिला. “तुझ्या गवंड्याने पाया एक फूट अलीकडे धरला. मी तेव्हाच म्हणालो होतो, बांधताना मला बोलाव.”

मास्तरने मान खाली घातली. मग चाचरत म्हणाला, “तुझ्याकडून एक फूट मिळाला तर? तिच्यासाठी म्हणतोय रे.”

“हद्द म्हणजे हद्द. माझा भाऊ आला म्हणून मी रबराची पट्टी काढू का?”

हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी ते कचेरीत पाच टेबलांवर जाऊन सांगितलं. मास्तर मात्र गुपचूप घरी गेला. खोली काही झाली नाही. दुसऱ्या बाजूला जागाच नव्हती.

आता निवृत्तीनंतरचं ऐका. साहेब सकाळी अर्धी चड्डी घालून अंगणात हातपाय हलवायचे, आणि मास्तरच्या वरच्या खिडकीत धाकटी बसलेली असायची. दोन वर्षं झाली होती, ती खाली उतरलीच नव्हती. उतरली तर पुन्हा चढणार कशी? म्हणून खुर्ची खिडकीशी ओढायची आणि जगाकडे बघायचं, आणि तिच्या वाट्याला आलेलं जग म्हणजे साहेबांचं अंगण. “भावोजी, नळ चालू राहिलाय!” “भावोजी, वाळत घातलेला शर्ट उडाला बघा!” बिचारी भल्यासाठीच सांगायची, पण साहेबांचा तिळपापड व्हायचा.

“ही बाई दिवसभर पाळत ठेवते,” ते बायकोला म्हणाले.

“अहो, दुसरं काय करणार ती? जरा वर जाऊन बसत जा तिच्याजवळ.”

साहेब वर गेले नाहीत. नर्सरीत गेले.

नर्सरीवाल्याने त्यांना शोभेचा बांबू दाखवला. पिवळेधमक दांडे, प्रत्येक पेरावर हिरवी रेघ, कुणीतरी बसून आखल्यासारखी. रेघ सरळ आहे म्हटल्यावर साहेब जागीच पाघळले. “तीन वर्षांत तीन माणसं उंच होतो,” नर्सरीवाला म्हणाला. “पण साहेब, हा जमिनीखालून पळणारा आहे. त्याला चर खणून जाड प्लास्टिकचा पत्रा उभा घालावा लागतो, चांगला कमरेएवढा खोल. नाहीतर तो पलीकडचा बघा. एका जागी बेट करून राहतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हिरवा आहे, पण गुणी आहे.”

“पिवळा द्या.”

“मग चर…”

“माझ्याकडे हद्दीची भिंत आहे,” साहेब म्हणाले. “माझ्या हद्दीतून काही बाहेर जात नाही.”

नर्सरीवाल्याने हात जोडले. गिऱ्हाईक शहाणं निघालं की तोही काही बोलत नसे.

साहेबांनी भिंतीला लागून, दोरी धरून, अडीच-अडीच फुटांवर बारा रोपं लावली. पहिल्या वर्षी बांबू ढिम्म. साहेब रोज पट्टी घेऊन जायचे आणि वहीत लिहायचे: वाढ नाही. दुसऱ्या वर्षी चार-दोन कोंब आले. तिसऱ्या वर्षी मात्र रोपांनी जे डोकं वर काढलं ते थेट मास्तरच्या खिडकीच्याही वर. खिडकी दिसेनाशी झाली. “भावोजी, नळ!” बंद झालं. साहेब अर्ध्या चड्डीत अंगणभर असे फिरू लागले की बायकोनेच एकदा आत या म्हटलं.

आणि त्याच महिन्यात मास्तर हसत हसत आला. “दादा, तुझा बांबू आमच्याकडे मुक्कामाला आलाय बघ! दोन फरश्या उचलल्या त्याने. एक तर माझ्या सायकलच्या चाकातून वर आलाय.”

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. अतिक्रमण! ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना अतिक्रमणाच्या नोटिसा धाडल्या, त्याच्याच घरातून? दुसरा कुणी असता तर कुदळ घेऊन गेला असता, कोंब मोडले असते, दोन फरश्या बसवून दिल्या असत्या, विषय संपला असता. पण नाही. साहेबांनी कपाटातून नवी वही काढली, कडक इस्त्रीची पँट चढवली आणि जागेची रीतसर पाहणी करायला भावाच्या अंगणात गेले.

कोंब अकरा होते. साहेबांनी त्यांना नंबर दिले. प्रत्येक कोंबाचं माप दोन बाजूंनी घ्यायचं, एकदा मास्तरच्या पलीकडच्या दगडी कुंपणापासून आणि एकदा मधल्या भिंतीपासून, ही खात्याची पद्धत. दोन्हींची बेरीज जागेच्या रुंदीएवढी आली पाहिजे, म्हणजे चाळीस. टेपचं टोक मास्तरने धरलं.

पहिला कोंब. कुंपणापासून छत्तीस, भिंतीपासून तीन. एकोणचाळीस.

“नीट धर रे,” साहेब मास्तरवर खेकसले.

दुसरा कोंब. चौतीस आणि पाच. तिसरा. साडेपस्तीस आणि साडेतीन. अकराच्या अकरा कोंबांनी जणू संगनमत केलं होतं. साहेबांनी टेप बदलला, हार्डवेअरच्या दुकानातून कोरा करकरीत आणला. एकोणचाळीस. कुंपण सरकलं असेल म्हणून त्याचे दगड तपासले. दगड जिथल्या तिथे होते, शेवाळ धरून बसलेले. मग ते अचानक “ऊन लागतंय” म्हणून घरी आले आणि माळ्यावरची पेटी काढली.

पेटीत अठरा वर्षांपूर्वीची मोजणीची वही होती. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ओढून ओढून टेपचं टोक खराब होतं, कडी वाकते. म्हणून जुने मोजणीवाले शून्यापासून मोजत नाहीत. एकाच्या आकड्यावर टेप धरतात आणि शेवटी जो आकडा येईल त्यातून एक वजा करतात. शिकाऊ पोरं वजा करायला विसरतात आणि शिव्या खातात. वहीत साहेबांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: सुरुवात एकवर. खाली: चाळीस, खुंटी ठोकली. वजाबाकी कुठेच नव्हती. आपली बाजू तर त्यांनी मोजलीही नव्हती. ऐंशीतून चाळीस गेले की चाळीस उरतात, त्याला टेप कशाला?

मास्तरला एकोणचाळीस मिळाले होते आणि साहेब एक्केचाळिसात राहत होते. बारा रोपांतलं एकूण एक रोप, भिंतीला चिकटून, मास्तरच्या जागेत लावलेलं होतं. गवंड्याने काही सरकवलं नव्हतं. खोली बसत होती. सात वर्षांपूर्वी बसत होती.

तीन दिवस साहेबांना अन्न गेलं नाही. कुणाला काय कळणार आहे, असं एकदा मनात आलं. वही आपली, पेटी आपली, आणि मास्तर तर टेपकडे बघतही नव्हता, कोंबाकडे कौतुकाने बघत होता. चुलीत घातली वही तर? चौतीस वर्षांचं नाव, तीन भाषणं, सगळं एका फुटापायी मातीत घालायचं? पण वही जाळायची म्हणजे मोजणीची नोंद जाळायची, आणि तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. चौथ्या दिवशी बायकोने ताट पुढे ढकललं आणि विचारलं, “पोटात दुखतंय की मनात?” साहेबांनी सगळं सांगितलं. बायको ऐकून घेत गेली आणि शेवटी एवढंच म्हणाली, “जा. आत्ताच्या आत्ता जा.”

साहेब गेले. मास्तर पायरीवर बसून कोंबाचं चित्र काढत होता.

“मी चुकलो,” साहेब म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते, त्यामुळे नीट निघाले नाहीत.

“काय झालं?”

“मोजणीत चुकलो. अठरा वर्षांपूर्वी. तुझा एक फूट माझ्याकडे आहे.”

मास्तर खो खो हसला. “दादा, तू? तुझं माप चुकणार? अरे, त्या दिवशी उन्हात किती वेळ वाकला होतास! डोकं धरलंय तुझं. घर सरकलंय, तूच तर सांगितलंस.”

“घर नाही सरकलं! मी वजा करायचं विसरलो!”

“बस, पाणी पी,” मास्तर काळजीने म्हणाला आणि भिंतीवरून वहिनीला हाक मारली.

आता बोला! आयुष्यभर ज्या माणसाने कुणाचं ऐकलं नाही, त्याचं आता कुणी ऐकेना. साहेबांनी हट्टाला पेटून कचेरी गाठली आणि फेरमोजणीचा अर्ज केला. अर्जदार: स्वतः. कोणाविरुद्ध: स्वतः. खिडकीवरचा कारकून म्हणाला, दोन वेगळी माणसं लागतात. साहेब म्हणाले, पूर्वीचा मी आणि आताचा मी. कारकुनाने अर्ज घेतला, कारण मागे रांग वाढत होती.

मोजणी अधिकारी आला तो साहेबांच्याच हाताखाली घडलेला. त्याने मोजलं. एकोणचाळीस. पुन्हा मोजलं. त्याचा चेहरा उतरला. मग साहेबांकडे न बघता त्याने कागदावर लिहिलं: चाळीस.

“अरे, एकोणचाळीस भरले ना!”

“हो साहेब. पण मूळ मोजणी आपली आहे. तेव्हा आमच्याच मोजण्यात काहीतरी राहिलं असणार.”

“मी सांगतोय ना, मी चुकलोय!”

“साहेब, आपणच शिकवलंत,” तो हात बांधून म्हणाला, “पक्षकार काहीही सांगो, आपण ऐकायचं नाही.”

शिक्का मारला आणि गेला. साहेब अंगणात उभे राहिले, हातात कागद, कागदावर चाळीस. आता सांगण्यासारखं एकच माणूस उरलं होतं, आणि ज्याला सांगायचं तेच सगळ्यांत अवघड. साहेब मास्तरच्या घरातल्या जिन्याशी आले. चौदा पायऱ्या. सहा-सात वर्षांत ते वर गेले नव्हते.

वरच्या खोलीत भरदुपारी दिवा लावलेला होता. धाकटी खिडकीशीच बसली होती. खिडकीभर पिवळे दांडे आणि पानं, बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. अंगण नाही, रस्ता नाही, आभाळसुद्धा नाही. तरी खुर्ची तिकडेच तोंड करून होती.

“या भावोजी,” ती म्हणाली. “उठता येत नाही, माफ करा.”

साहेब बसले नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं. टेप, एकाचा आकडा, विसरलेली वजाबाकी, एकोणचाळीस, खोली. कागद पुढे केला, मग आठवलं की त्यावर चाळीस आहे, आणि मागे घेतला. धाकटीने हसून उडवून लावलं नाही. ती विश्वास ठेवतेय हे साहेबांना दिसलं, आणि चार दिवस ज्यासाठी जिवाचं रान केलं ते मिळाल्यावर त्यांना तोंड कुठे लपवू असं झालं.

“म्हणजे तो फूट आमचाच होता,” ती म्हणाली.

“तुमचाच. चूक झाली धाकटे. माप चुकलं माझं.”

तिने गुडघ्यावरून हात फिरवला.

“मापाचं मला काही कळत नाही भावोजी. माप कुणाचंही चुकतं. पण आमचा आहे हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत होतं? आम्ही तर तुमचाच समजून मागितला होता.”

चौतीस वर्षांच्या नोकरीत साहेबांसमोर असं कुणी काही बोललं नव्हतं, की ज्यावर कलम नाही, निकाल नाही, वरच्या कचेरीत अपील नाही. त्यांचे डोळे भरून आले. पुसायला रुमाल काढला तर खिशातून टेपच बाहेर आला, आणि तो परत खिशात घालायलाही त्यांना लाज वाटली. “येतो,” एवढंच म्हणाले आणि कठडा धरून एकेक पायरी खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी गवंड्याला आणि दोन गड्यांना बोलावलं. आधी बांबू गेला. दांडे तासाभरात पडले, मुळांनी मात्र दुपारपर्यंत गड्यांची हाडं खिळखिळी केली. मास्तर मधे मधे येऊन “दादा, कशाला रे, इतका छान दिसत होता,” म्हणत होता. त्याला अजूनही वाटत होतं की दादाला ऊन लागलंय. मग भिंत पाडली. गवंड्याने नव्या भिंतीसाठी दोरी बांधायला घेतली. साहेबांनी त्याला खूण दाखवली, तसा तो टेप लावून बघत म्हणाला, “साहेब, गडबड झाली. आपण सकाळी एक फूट सरकवायची म्हणालात. ही खूण दोन फुटांवर आहे.”

“बरोबर आहे.”

“एक फूट जास्त जातोय तुमचा.”

“जाऊ दे.”

“मग मास्तरांकडून लिहून तरी घ्या. उद्या मोजणी झाली तर चूक निघेल तुमची.”

“निघू दे,” टेपसाहेब म्हणाले. “तू दोरी बांध.”